शिवी एकाला, लागते भलत्यालाच

मराठवाड्यात एखाद्या पोराला 'बायल्या' ठरायला फार काही करावं लागत नाही. चारजणांत गुटख्याची पुडी फिरली आणि त्यानं नको म्हटलं, आईला भाकरी थापू लागला, कबड्डीत गुडघा फुटल्यावर डोळ्यांत पाणी आलं, मारामारी सुरू व्हायच्या आधीच चप्पल घालून घरी निघाला. यातलं कुठलंही एक पुरतं. आवाज बारीक असला की 'छक्का'. चालताना हात जरा जास्त हलले की 'फातड्या'. संभाजीनगर, परभणी, नांदेडकडं दखनी बोलीतून आलेला 'मीठा' त्यात मिसळतो. मोबाइल हातात आल्यापासून अकरावी-बारावीच्या पोरांनी 'गे' हा शब्दही याच कामाला लावलाय. "काय गे सारखं करायलास?" हे वाक्य छत्री उघडणाऱ्यालाही ऐकावं लागतं आणि उन्हात निघताना तोंडाला क्रीम लावणाऱ्यालाही. आपल्याकडच्या मे महिन्यात क्रीम लावणं हा शहाणपणा आहे, पण ते असो.

हे शब्द इथं पूर्ण लिहितोय, फुल्या न मारता. फुल्या मारल्या की शब्द आणखी चवीनं वाचला जातो आणि समजून घ्यायचं बाजूला राहतं.

आधी गुंता सोडवू

माणूस कुणाकडं ओढला जातो, कुणाच्या प्रेमात पडतो, हा त्याचा लैंगिक कल. पुरुषाला पुरुषाबद्दल ओढ वाटत असेल तर तो समलिंगी पुरुष, म्हणजे गे. बाईला बाईबद्दल वाटत असेल तर लेस्बियन. काहींना दोघांबद्दलही वाटते, त्यांना बायसेक्शुअल म्हणतात. हा कल कुणी ठरवून निवडत नाही. डावखुरा माणूस जसा ठरवून डावखुरा होत नाही, तसंच हे.

यापेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे माणूस स्वतःला आतून कोण समजतो. जन्मल्यावर सुईणीनं 'मुलगा झाला' म्हणून सांगितलं, पण त्या जिवाला कळायला लागल्यापासून आपण मुलगी आहोत असंच वाटत आलं, तर ती ट्रान्सजेंडर स्त्री, मराठीत पारलिंगी. हिजडा ही तर आणखी निराळी ओळख. त्यात गुरू-चेल्याचं नातं आहे, घराणी आहेत, स्वतःचे रीतिरिवाज आहेत. त्या समाजातल्या अनेक जणी 'मी हिजडा आहे' असं ताठ मानेनं सांगतात. सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात हाच शब्द सन्मानानं वापरून त्यांना तृतीयपंथी म्हणून कायदेशीर ओळख दिली. म्हणजे शब्द मुळात घाण नाही. टपरीवरून तो ज्या आवाजात फेकला जातो तो आवाज घाण आहे.

आणि मग उरते चालण्याबोलण्याची ढब. कुणाचा आवाज मऊ, कुणाचा राकट. कुणाला रांगोळी काढायला आवडते, कुणाला कुस्ती.

आता गंमत अशी की या तिन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. पिळदार मिशांचा, ऊसतोडीच्या टोळीवर हुकमत गाजवणारा मुकादम समलिंगी असू शकतो. मऊ बोलणारा, गॅदरिंगला पोरींचा नाच बसवून देणारा मास्तर बायकोवर जीव टाकणारा, तीन लेकरांचा बाप असू शकतो. ट्रान्सजेंडर स्त्रीला ओढ पुरुषाची असेल किंवा बाईचीही असेल. वरून बघून यातलं काहीच कळत नाही.

शिवी देणारा मात्र सगळं कळल्यासारखं बोलतो. तो बघतो ढब, निकाल देतो कलाबद्दल, आणि त्यासाठी शब्द उचलतो भलत्याच समाजाचा. एका शिवीत तीन चुका. वर्णन म्हणून हा शब्द सपशेल नापास आहे, आणि तरीही तो इतका चालतो, कारण त्याचं काम वर्णन करणं हे नाहीच.

मराठी चित्रपटांत नाच्याच्या भूमिका करणारे गणपत पाटील आठवा. लग्न झालेला, मुलंबाळं असलेला माणूस. पण पडद्यावरची ढब इतकी बेमालूम जमलेली की लोकांनी त्यांना खऱ्या आयुष्यातही तसंच धरलं आणि तसंच बोललं. एका नटानं आपलं काम चोख केलं, तर बक्षीस म्हणून त्याला हे मिळालं.

बांगड्यांचा आहेर

मग या शब्दाचं काम तरी काय? ते समजायला चावडीवर जायची गरज नाही, तहसील कचेरीत गेलं तरी चालतं. पीकविम्याचे पैसे रखडले, टँकर आला नाही, रस्त्याचं काम अडलं, की मोर्चा निघतो आणि साहेबांच्या टेबलावर हिरव्या बांगड्या ठेवल्या जातात. फोटो निघतो, छापूनही येतो: अधिकाऱ्यांना बांगड्यांचा आहेर. बहुतेक वेळा या मोर्चात पुढच्या रांगेत बायकाच असतात. त्यांच्या बांगड्या भरलेल्या हातांनी खुरपणी होते, कापूस वेचला जातो, डोक्यावरची घागर सावरली जाते. असे हात काहीच करत नाहीत, असा त्या आहेराचा अर्थ. तरी कुणाला त्यात विसंगत काही वाटत नाही.

'बायल्या', 'छक्का' या शिव्यांचं मूळ इथंच आहे. बाई ही खालची पायरी, आणि पुरुष असून तिकडं झुकला तो आपणहून पायरी उतरला, म्हणून त्याला दुप्पट हसायचं. समलिंगी माणसाबद्दलचा तिरस्कार बऱ्याच अंशी बाईबद्दलच्या तुच्छतेचीच पुढची पायरी आहे. म्हणून ही शिवी सगळ्याच पोरांवर पाळत ठेवते. रडू नको, नटू नको, मित्राच्या गळ्यात हात टाकलास तर किती वेळ टाकलास याचा हिशेब ठेव, 'मला भीती वाटते' असं म्हणू नको. जो पोरगा आयुष्यात कधी समलिंगी नव्हता आणि नसणार, तोही या शब्दाच्या धाकानं निम्मं मन गिळून मोठा होतो. पुढं तोच बाप झाल्यावर मुलाशी दोन शब्द मायेनं बोलायला त्याची जीभ रेटत नाही.

ही सवय फक्त गावातल्या पोरांची आहे असं समजू नका. निवडणुकीच्या सभेत 'षंढ सरकार' म्हटलं की हमखास टाळ्या पडतात. मार्च 2023 मध्ये द्वेषपूर्ण भाषणांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठानंही राज्य नपुंसक झालं आहे, वेळेवर कारवाई करत नाही, असे ताशेरे ओढले आणि महाराष्ट्रभर त्यावर चर्चा झाली. न्यायालयाचा मुद्दा रास्त होता. पण एखाद्याच्या शरीराच्या अडचणीचा आणि सरकारच्या ढिलाईचा संबंध काय, हे त्या चर्चेत कुणी विचारलं नाही. सरकारला ढिम्म म्हणा, बेजबाबदार म्हणा, भेकड म्हणा. मराठीत शब्दांचा दुष्काळ नाही.

याच मातीत दुसरंही काही आहे. पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानोबांना आपण माउली म्हणतो, आणि पुरुषाला आई म्हणण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पैठणच्याच नाथांच्या गवळणी गोपीच्या तोंडच्या आहेत आणि भजनात त्या मिशीवाले बाप्ये टिपेच्या आवाजात गातात. तुळजापूरच्या वाटेवर लुगडं नेसलेला, कपाळभर कुंकू लावलेला, परडी घेतलेला आराधी पुरुष दारात आला की घरातली म्हातारी त्याच्या पाया पडते. देवीच्या नावानं जे पूजलं जातं, तेच देवीच्या नावाशिवाय बसस्टँडवर दिसलं की त्याला खडा मारतात. परंपरा फार उदार होती असं म्हणून मी तिला डोक्यावर घेणार नाही, आराध्यालाही मागून नावं ठेवणारे आहेतच. पण 'हे सगळं बाहेरून आलंय, आपल्यात नव्हतं' हे म्हणणं तरी टिकत नाही.

बायकांना या वर्गातल्या शिव्या कमी मिळतात. यात आनंद मानण्यासारखं काही नाही. बाईला स्वतःची काही ओढ असते हेच जिथं धरलेलं नाही, तिथं तिच्या ओढीवरून शिवी तरी कशी तयार होणार? तिला 'पुरुषी', 'बाप्यासारखी' म्हणतात आणि तिथंच थांबतात. बोलायचं थांबतात, लग्न लावायचं थांबत नाहीत.

खोलीतला चौथा

आता मुख्य मुद्दा. लातूरचा ट्यूशन एरिया घ्या. 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी गावोगावची पोरं तिथं येऊन राहतात. दहा बाय बाराची खोली, चार कॉट, भिंतीला मूलद्रव्यांचा तक्ता, खिडकीत धुरळा खाल्लेला कूलर. समजा, रात्री मेसवरून आल्यावर एकानं दुसऱ्याला डिवचलं: "अंघोळीला आतून कडी लावतोय, छक्का हाय का काय?" दुसऱ्यानं त्याच्या आईवरून उलट शिवी हासडली, उशी फेकली, सगळे हसले, विषय संपला. ज्याला शिवी दिली त्याला ती लागलीसुद्धा नाही. सकाळी दोघं एकाच गाडीवर क्लासला गेले.

हसणाऱ्यांत चौथ्या कॉटवरचा पोरगाही होता. तो हसला, फक्त बाकीच्यांपेक्षा अर्धा क्षण उशिरा. त्याला कुणी काही म्हटलं नव्हतं. पण आठवीपासून त्याला स्वतःबद्दल जे कळत आलंय आणि ज्याला त्याच्याकडं दुसरा शब्दच नव्हता, त्याचं नाव त्यानं त्या खोलीत ऐकलं, आणि ते नाव घेतल्यावर सगळे कसे हसतात हेही पाहिलं. त्या रात्री त्याला कळलं, की इथं कुणालाही काहीही सांगायचं नाही.

त्यानंतर तो काय करतो ते बारकाईनं बघा. बसताना पायावर पाय टाकायचं सोडतो. फोन वाजला की स्क्रीन छातीकडं वळवतो. आवाज मुद्दाम खाली ओढून बोलतो, त्यामुळं कमी बोलतो. 'तुला कोण आवडते' असं विचारलं तर पुढच्या बॅचमधल्या एका मुलीचं नाव ठरवून ठेवलेलं असतं, अधूनमधून तिच्याकडं बघायचंही विसरत नाही. आणि कधी कधी खोलीत सगळ्यात मोठ्यानं 'छक्का' तोच म्हणतो. संशय आपल्याकडून वळवायचा तो सगळ्यात स्वस्त उपाय आहे. हे सगळं त्याला पोटात भीती घेऊन करायचं असतं, आणि वर फिजिक्सचं मॉड्यूलही संपवायचं असतं.

मानसशास्त्रात या ओझ्याला अल्पसंख्याकांचा ताण म्हणतात. अमेरिकेतले संशोधक इलान मेयर यांनी 2003 मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. सोप्या भाषेत सांगायचं तर ताण नुसत्या मारहाणीनं येत नाही. आता कुणीतरी बोलेल, ही वाट बघत राहण्याचा ताण असतो. लपवण्याचा असतो. आणि सगळे म्हणतात तर आपल्यातच खोट असेल, हे हळूहळू स्वतःलाच पटत जाण्याचा तर फारच वाईट. मानसिक त्रास समलिंगी असण्यानं होत नाही, या ताणानं होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 17 मे 1990 रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही 2018 मध्ये हा आजार नसल्याचं जाहीरपणे सांगितलं.

तामिळनाडूत युनेस्कोनं केलेला एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बोललेल्या समलिंगी, पारलिंगी अशा तरुणांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी शाळेत छळ झाल्याचं सांगितलं, आणि जवळपास एक तृतीयांश जणांनी त्यापायी शाळाच सोडली होती. तक्रार करणारे मात्र फार थोडे होते. ते साहजिकच आहे. 'सर, हा मला असं म्हणतो' हे सांगायला जाणं म्हणजे तो शब्द स्वतःच्या तोंडानं स्वतःला लावून घेणं. वर सर विचारणार, "का म्हणतो तुलाच?"

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: आम्ही गमतीत म्हणतो, मनात काही नसतं. मी हे खरं मानतो. नव्वद टक्के वेळा मनात काहीच नसतं, आणि नेमकी तीच अडचण आहे. राग असता तर रागावलेला माणूस ओळखून त्याच्यापासून लांब राहता आलं असतं. इथं जिवाभावाचे मित्र, मामा, क्रीडाशिक्षक, लग्नात नाचणारी वरात, सगळे प्रेमानं वागत वागतच हा शब्द वापरतात. त्यामुळं चौथ्या कॉटवरच्या पोराला सुरक्षित माणूस शोधायला जागाच उरत नाही. समजूतदार मामाही टीव्हीवर साडी नेसलेल्या विनोदी नटाला बघून तोच शब्द म्हणाला होता, हे त्याच्या लक्षात असतं.

शब्दांमागचे कागद

हा तिरस्कार नुसता टपरीवर वाढलेला नाही, त्याला सरकारी कागदाचं पाठबळ होतं. इंग्रजांनी 1860 च्या दंड संहितेत कलम 377 घालून 'निसर्गाच्या नियमाविरुद्ध' संबंधांना गुन्हा ठरवलं. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आपल्या भटक्या जमातींबरोबर हिजड्यांनाही नोंदवहीत टाकलं. आपल्याकडं राज्य निजामाचं होतं, तरी फरक फार नव्हता. हैदराबाद संस्थानानं 1329 फसलीमध्ये, म्हणजे 1919 च्या सुमाराला, स्वतःचा असाच कायदा केला. कुणबी नोंदींच्या शोधात ज्यांनी निजामकालीन दप्तरं उलटली त्यांना फसली सन चांगलं ठाऊक झालंय. त्याच काळातला हा कागद. हैदराबाद शहरात आणि सरकार सांगेल त्या ठिकाणी संशयित हिजड्यांची नोंदवही ठेवायची, बाईच्या वेशात रस्त्यावर दिसले तर विनावॉरंट पकडायचं, अशी त्यात सोय होती. निजाम गेला, मराठवाडा 1948 मध्ये मुक्त झाला, पुढं महाराष्ट्रात आला. तो कायदा मात्र तेलंगणात नावापुरता जिवंत राहिला आणि थेट जुलै 2023 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला.

कलम 377 चं जोखड त्याआधी उतरलं होतं. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी, दोन प्रौढांनी राजीखुशीनं ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा एकमुखी निकाल दिला. त्याआधी 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं हेच म्हटलं होतं, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही.

कागद मात्र एका दमात स्वच्छ होत नाही. लातुरातून नीट देऊन जी पोरं डॉक्टर होतात, त्यांच्या न्यायवैद्यकशास्त्राच्या अभ्यासक्रमात समलिंगी संबंध अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत शिकवले जात. मद्रास उच्च न्यायालयानं 2021 मध्ये याबद्दल खडसावल्यावर राष्ट्रीय वैद्यक आयोगानं सुधारणा केल्या, आणि समलिंगी माणसाला 'बरं करण्याचे' उपचार हे डॉक्टरचं गैरवर्तन ठरवलं. तरी 2024 च्या अभ्यासक्रमात ती जुनी यादी पुन्हा आली, ओरड झाली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये तो अभ्यासक्रमच मागं घ्यावा लागला. शिकलेल्या, पांढऱ्या कोटातल्या माणसाच्या तोंडी हा शब्द शिवीसारखा येतो तेव्हा तो कदाचित परीक्षेला पाठ केलेला असतो.

आता कायदा काय म्हणतो

ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी 2019 चा स्वतंत्र कायदा आला, 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्यात मारहाणीबरोबर शाब्दिक आणि भावनिक छळही गुन्हा धरला, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं आणि दंड. समलिंगी व्यक्तीला शिवीगाळ झाली तर तिच्यासाठी असा खास कायदा नाही. अपमान, धमकी यांची सर्वसाधारण कलमं आहेत, पण पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत जायचं म्हणजे घरी कळणार, आणि घरी कळण्याची भीतीच मोठी असते.

कॉलेजात परिस्थिती थोडी बरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2016 मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि लिंगभाव या कारणांवरून केलेला छळ स्पष्टपणे घातला. जात, धर्म, रंग, भाषा यांच्या बरोबरीनं. म्हणजे हॉस्टेलात एखाद्याला रोज 'छक्का' म्हणून हैराण करणं हे रॅगिंग आहे, रॅगिंगविरोधी समितीकडं तक्रार होऊ शकते, 1800-180-5522 या क्रमांकावरही करता येते.

खाजगी क्लास आणि त्याच्या आसपासच्या खोल्या विद्यापीठाच्या नियमांत येत नाहीत, हे लातूरचं जुनं दुखणं. ती फट सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2025 मध्ये बरीचशी बुजवली. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्यायालयानं देशभरासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, आणि ती कोचिंग क्लासलाही लागू केली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं प्रशिक्षित समुपदेशक हवा. जात, लिंग, लैंगिक कल, अपंगत्व, धर्म यांवरून होणाऱ्या छळाची तक्रार गुप्तपणे करता येईल अशी सोय हवी. मदतीचे फोन क्रमांक भिंतीवर ठळक लावलेले हवेत. मुलाला क्लासला घालताना टॉपर पोरांचे बॅनर बघतोच आपण. तेव्हा भिंतीवर हे क्रमांक आहेत का, हेही बघून यावं.

जीभ वळते का?

'लोकांच्या तोंडाला कुठं हात लावणार' असं म्हणणाऱ्यांनी निदान मराठवाड्यात तरी हे म्हणू नये. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यासाठी इथं 1978 च्या ठरावापासून 14 जानेवारी 1994 पर्यंत झगडा चालला, लोकांची घरं जळली, माणसं मेली. एका नावानं काय होतं, असं तेव्हाही विचारलं जात होतं. चारचौघांत जातीवरून शिवी घालणं एके काळी सर्रास होतं. चळवळ झाली, 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला, आणि निदान उघड बोलताना लोक जीभ आवरायला लागले. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. जात आणि लैंगिक कल या गोष्टी सारख्या नाहीत, जातीला हजारो वर्षांची उतरंड आहे, जमीन आणि पाणी त्यात गुंतलंय. आणि जातीची शिवी खाणाऱ्या पोराला घरी गेल्यावर आईबापाचा आधार तरी असतो. समलिंगी पोराला तोही नसतो, कारण तोच शब्द घरातही चालतो. मन बदलायच्या आधी जीभ बदलू शकते, एवढं मात्र जातीच्या बाबतीत आपण डोळ्यांनी पाहिलंय.

ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीश-वकिलांसाठी लिंगभेदी शब्द टाळण्याची पुस्तिका काढली. त्यात समलिंगी पुरुषांसाठी वापरली जाणारी एक इंग्रजी शिवीही आहे. ती वापरण्याऐवजी त्या व्यक्तीचा कल नेमका काय आहे तो साध्या शब्दांत सांगा, असं तिथं सुचवलंय. आपल्या चावडीलाही हे जमण्यासारखं आहे. कलाचा विषय असेल तर समलिंगी म्हणा, गे म्हणा. विषय नसेल, तर तो शब्द तिथं आलाच कशाला?

खोलीत, वर्गात, टपरीवर कुणी बोललं तर काय करायचं? भाषण देऊ नका. भाषण दिलं की पुढची पंधरा मिनिटं तुमचीच टर उडते. सगळ्यात कामाचा प्रश्न साधा आहे: "म्हणजे काय रे?" शांतपणे, खरंच कळलं नाही अशा चेहऱ्यानं. बोलणाऱ्याला समजावून सांगावं लागतं, सांगताना तो अडखळतो, आणि विनोद समजावून सांगावा लागला की मरतो. मास्तरांना याहून सोपं आहे. वर्गात जातीवरून बोललेलं जसं चालवून घेत नाही, तसंच "हे माझ्या वर्गात चालणार नाही" एवढं एक वाक्य आणि लगेच पुढचं गणित. कोण बोललं, कुणाला बोललं, याची चौकशी वर्गासमोर करू नका, कारण चौकशीत ज्याच्याकडं माना वळतात तो बहुतेक वेळा शिवी देणारा नसतो.

आणि आईबापांसाठी. पोरगा घरी येऊन म्हणाला, की मला सगळे असं म्हणतात, तर पहिला प्रश्न "तू तसा आहेस का?" हा नको. त्या क्षणी त्याला फक्त एवढंच तपासायचं असतं, की या घरात तो शब्द कसा ऐकला जातो. आधी ऐकून घ्या, शाळेत किंवा क्लासला जायचं असेल तर त्याला विचारून जा. तो तसा असेल तर सांगेल, त्याच्या वेळेनं. वजन घटत असेल, झोप उडाली असेल, मेसचा डबा तसाच परत जात असेल, तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, दिवसरात्र, फुकट. अठरा वर्षांच्या आतल्या लेकरासाठी 1098 आहे. भोंदू वैद्याकडं, अंगारा देणाऱ्याकडं किंवा 'लग्न केलं की सुधरेल' म्हणणाऱ्या काकांकडं नेऊ नका. तिसऱ्या उपायात तर एका परक्या घरच्या पोरीचंही आयुष्य ओढलं जातं, आणि तिला कुणी विचारलेलंही नसतं.